आमच्या विहिरीवर आलेला पाव्हणा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचत आले. माळशेज घाटाच्या रस्त्यावर, वैशाखरे गावात लहानाची मोठी झालेय. घाटातली पांढऱ्या साडीवाली आमच्याकडे प्रत्येक ड्रायव्हरला एकदा तरी भेटलेली असते... मला मात्र कधीच नाही. त्यात मी शास्त्राची माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मी सागरी जीवशास्त्रज्ञ आहे. मुरबाड तालुक्यात हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे मासे विकता?" त्यांचं तरी काय चुकलं! आमच्याकडे समुद्र येतो तो सुक्या बोंबलांच्या टोपलीतून. मी पाण्यात माईक सोडून देवमाशांची गाणी ऐकते. हो, गाणी. त्यांच्या एका जातीचे नर थंडीच्या मोसमात तासन्‌तास गातात, पण आपल्या किनाऱ्याला ते आता फार थोडे उरलेत. गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रोजेक्टचा शेवटचा मोसम होता आणि एकही गाणं मिळालं नव्हतं. एक फेरी उरली होती. तीही कोरडी गेली असती तर प्रोजेक्ट बंद, आणि माझं समुद्रावरचं कामही.

कल्याणला एका कॉलेजात शिकवायची नोकरी तयार होती. आईला तीच हवी होती. बाबा गेल्यापासून ती एकटी शेत बघते, आणि मी होडीत असले की तिला झोप लागायची नाही.

आमच्या तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेसाठी घरी आले तेव्हा माईक सोबतच होता. त्याची केबल नवी बसवली होती, समुद्रावर नेण्याआधी ती खोल पाण्यात तपासायला हवी होती. घराजवळ खोल पाणी म्हणजे आमची विहीर. दुपारी जेवणं झाल्यावर मी माईक रहाटावरून खाली सोडला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि त्याला जोडलेला छोटा स्पीकर काठावर ठेवला. आई आणि शेजारची सखूकाकी जत्रेतून आणलेली घोंगडी उन्हात टाकून तिथेच गप्पा मारत बसल्या होत्या.

आधी झऱ्याचं टपटप. मग... खालून एक लांब, जाड हुंकार आला. वर चढला, मोडला, आणि टोकाला बारीक चिवचिवला. जरा थांबून परत तसाच. हा आवाज मी कितीतरी जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकलाय. देवमासा — वैशाखऱ्यात — विहिरीत.

"कुनाचा बैल पडलाय का गो?" काकी वाकून बघायला लागली. पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत होतं. आत एक कासव होतं, बाकी काही नाही. लाईट गेलेली, म्हणजे कुणाचा पंपही चालू नव्हता.

आई मान हलवत ऐकत राहिली, भाताच्या लावणीला बायांचं गाणं ऐकते तशी. मग म्हणाली, "हाच का तो? ज्याच्यापायी तू पान्यात फिरतेस?"

"असाच असतो," मी कशीबशी म्हणाले.

ती उठून घरात गेली, गुळाचा खडा आणि मूठभर तांदूळ घेऊन आली आणि सरळ विहिरीत टाकले.

"आई, आत माईक आहे..."

"असू दे. पाव्हना आलाय, त्याला तसाच कसा धाडायचा? पोरगी न्यायच्या आधी घर बघाया येतातच. हा आला. बरा वाटतो." काकी हसून हसून घोंगडीवर आडवी झाली. आई काही हसत नव्हती. "जा गो तू. कॉलेजचं मंग बघू, नायतर नाय बघू."

किती वर्षं मला हेच ऐकायचं होतं, आणि ते तिने हाताला चिकटलेला गूळ चाटता चाटता सांगून टाकलं. मला इतका आनंद झाला की मी काकीच्या शेजारी बसून रडले.

संध्याकाळी रेकॉर्डिंग लावलं. झऱ्याचं टपटप होतं, तांदूळ पडल्याची सरसर होती. गाणं कुठेच नव्हतं. आई मात्र भाकऱ्या थापताना तेच गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघाले. आठवड्याने शेवटच्या फेरीत, दुपार कलताना, आम्हाला गाणं मिळालं. खरंखुरं, समुद्रातलं. होडी चालवणाऱ्या आमच्या तांडेलाने सुकाणू सोडून टाळ्या वाजवल्या. बंदरावर रेंज आल्याबरोबर मी आईला फोन लावला आणि रेकॉर्डिंग ऐकवलं. हुंकार, चढ, मोड, चिवचिव... अगदी विहिरीतलंच. त्यानंतर त्या गाण्यात एक मोठी शांतता आहे आणि पुढे चालच बदलते. विहिरीवर आम्ही ती चाल ऐकलीच नव्हती.

त्या शांततेत आई फोनवर पुढचा तुकडा गुणगुणली. मग तोच तुकडा, तसाच, रेकॉर्डिंगमधून आला.

"आई, तुला पुढचं कसं माहीत?"

"तू गेलीस तरी तो व्हता ना दोन-चार दिस. मी धुनं धुवाया बसले का गायचा."

"माईक नसताना?"

"त्याला कशाला लागतो माईक?"

आमच्या विहिरीच्या आणि समुद्राच्या मध्ये अख्खा जिल्हा पसरलाय. सहकाऱ्यांना विचारलं, पुस्तकं पालथी घातली, विहिरीत कितीदा तरी माईक सोडला. टपटप सोडून काही मिळालं नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मला अजून काहीही सुचलेलं नाही.

प्रोजेक्ट चालू आहे. मी अजून होडीवर आहे आणि आईला आता शांत झोप लागते. काळजी वाटत नाही का, असं परवा विचारलं तर म्हणाली, "कशाची गो? घर बघून गेलाय तो."