मोसंबीचं मूळ गाव आणि माझा जळफळाट

स्पष्टच सांगते, मी बागा बघायला गेलेच नव्हते. मी मंदाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, नाक ठेचायला गेले होते. आमचे अण्णा, निवृत्त मास्तर, तीन वर्षांपासून तिच्याकडे, जालना जिल्ह्यातल्या तिच्या गावी, राहतात. पुण्यात माझ्याकडे दोन दिवस टिकत नाहीत! अण्णांना शब्दांचं वेड. मध्यंतरी फोनवर म्हणाले, "सगळीकडं मोसंबीच्या बागा, पण हा शब्द आला कुठून ते कुणी सांगंना." मी उत्तर शोधलं आणि फोनवर न सांगता बॅग भरली. उत्तर द्यायचं आणि अण्णांना घेऊनच यायचं, असा बेत.

पुण्याहून जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे अंबडमार्गे कुंभार पिंपळगावची एसटी. बायकांना तिकीट अर्धं, पण गाड्या कमी, तेव्हा सकाळचीच धरा. स्टँडवर गरम भजी खाऊन घ्या.

मंदाच्या शेतात पोचले तर बाग पिवळी पडलेली, खाली पानांचा सडा. खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्या झाल्या. काळजीचा आव आणून विचारलं, "पाणी आटलं का गं?"

"न्हाई ताई, पाणी आम्हीच तोडलंय," मंदा हसली. "ताण दिलाय झाडांना, मुद्दाम तहानलेली ठेवलीत. पुढच्या आठवड्यात पाणी सोडलं की मंग बघ, फांदीफांदीला फुलं."

झाला माझा पचका.

जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा. मंदाने न विचारता अण्णांची भाकरी दुधात कुस्करून दिली. त्यांना चावायला त्रास होतो हे मला ठाऊकच नव्हतं. असा जीव जळला म्हणून सांगू!

मग मी हुकमाचा पत्ता काढला. "अण्णा, मोझांबिक! आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एका बेटावरचं जुनं बंदराचं शहर. पोर्तुगीजांची जहाजं तिथं थांबून इकडे यायची. त्यांच्याबरोबर हे फळ आलं आणि त्याला त्या शहराचं नाव चिकटलं, असं सांगतात. पुढे अख्ख्या देशालाही तेच नाव पडलं. आणि शहराचं नाव म्हणे मुसा नावाच्या एका अरब व्यापाऱ्यावरून."

"बराबर! म्हंजे आपली मोसंबी परमुलखातली सून," म्हणत अण्णांनी लगेच वही काढून लिहून घेतलं. मी संधी साधली, "मग चलता ना पुण्याला?"

"आत्ता? फुलं बघितल्याबिगर कसा येऊ?"

मंदाने भांडी घासली. हात पुसून तिने ती वही माझ्यासमोर धरली. पानोपानी शब्द, आणि प्रत्येकापुढे 'थोरलीने सांगितले'. फोनवर मी सहज बोललेलंसुद्धा.

"तीन वर्षं भाकरी कुस्करून राह्यले मी," ती म्हणाली. "ह्यात माझं नाव एकदाबी न्हाई."

मी एकटीच परतले. जानेवारीत गेलात आणि बागा वाळलेल्या दिसल्या तर हळहळू नका, खूशही होऊ नका. काल मंदाने फोटो पाठवला: झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली, खाली अण्णा डोळे मिटून वास घेतायत. अजून हेवा वाटतो मला तिचा. तसाच फोन लावला.

"मंदे, बदलतेस का? वहीतलं नाव तू घे, अण्णा मला दे."

ती क्षणभरही थांबली नाही. "न्हाई," म्हणाली.