भेस्तानला एकच रस्ता पुरे

सुरतेत साड्या छापणाऱ्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळते. पहिले सहा महिने कच्च्या नोकरीचे होते, आणि भेस्तानच्या कारखान्यातला जुना राउटर मला पक्की होऊ द्यायचं नाही असा हट्टच धरून बसला होता. दर दोन दिवसांनी मान टाकायचा. साहेबांनी सांगून टाकलं होतं, भेस्तान पुन्हा बंद पडलं तर हे काम बाहेरच्या माणसाकडे जाईल.

दुखणं मला कळलं होतं. माहिती पाठवायच्या बाहेरच्या शेकडो रस्त्यांची यादी त्या बिचाऱ्याच्या तुटपुंज्या मेमरीत कोंबलेली. त्याला तिचं काय काम? माझी आई नंदुरबारहून येऊन वीस वर्षं कोसाडला राहते, पण तिला सुरत ठाऊक नाही. टोकलं की म्हणते, "माले आख्खं सुरत कसाले पाहिजे? ठेसनवर जास, तठे इचारी लेस." स्टेशनवर विचारून तिचं कधी अडलं नाही. मी भेस्तानचा विभाग 'स्टब' करायचं ठरवलं, म्हणजे बाहेरची यादी बंद, आणि जे माहीत नाही ते सरळ मुख्य ऑफिसकडे पाठवायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी रिंग रोडच्या मुख्य ऑफिसात बसूनच भेस्तानच्या राउटरला ऐटीत तसं सांगितलं, आणि माझी स्क्रीन गोठली. भेस्तान बंद. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. रिक्षा करून तिकडे पळावं म्हणून पर्स उचलली.

जिन्यात आठवलं. मी फक्त भेस्तानच्या राउटरला सांगितलं होतं, ऑफिसातल्याला नाही. दोघांनी स्टब मान्य केल्याशिवाय ते एकमेकांशी बोलतच नाहीत. एकाच घरानं ठरवून सोयरीक होते का कधी? तशीच परत धावले, इकडच्या राउटरवरही तेच लिहिलं. मिनिटाभरात भेस्तान जोडलं गेलं, आणि त्याची मेमरी निम्म्याहून जास्त मोकळी दिसली.

तोवर तिकडून साहेबांना फोन गेलाच होता. साहेब येऊन मागे उभे राहिले. राउटरवर ढकलणं सोपं होतं, तो म्हाताराच होता. पण मी म्हणाले की भेस्तान आज माझ्या चुकीनं बंद पडलं, आणि काय चुकलं तेही सांगितलं. भेस्तान आता पुन्हा बंद पडणार नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. मेमरी भरून तरी नाही, असं मी म्हणाले.

"तो फिर कामरेज भी तू ही देख," असं म्हणून ते गेले. कामरेज म्हणजे आमचा दुसरा कारखाना.

मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि आनंदानं पोटभर रडले.