आमच्या घरचा क्षार कोणता?

भिलाईतल्या मैत्रिणींनो, आज डोकं पार चक्रावलं.

उद्या लेकीचा केमिस्ट्रीचा पेपर, हिंदी मीडियमचा. मी नागपूरला मराठी शाळेत शिकलेली, तरी तिची उजळणी घ्यायले बसली.

ती म्हणे, “क्षारानं हळद लाल होते.”

“चूक! मीठ म्हणजे क्षार,” म्हणत मी हळदीच्या पाण्यात मीठ टाकलं. पाणी पिवळंच राहिलं.

तिनं आजोबांचा पानाचा चुना टाकला. पाणी लालभडक! “मम्मी, ये क्षार है! मिठाले लवण म्हणतात. कावून मले कन्फ्यूज करून राहिली?”

फोनवर पाहिलं. मराठीत मी बरोबर, हिंदीत ती; आपल्या आम्लारीलेच हिंदीत क्षार म्हणतात.

पोरगी रडवेली झाली. “पेपर होईपर्यंत माझ्याशी मराठी बोलू नको,” म्हणाली आणि दार लावून घेतलं.

सांगा बायांनो, सकाळी तिले उठवू कोणत्या भाषेत?