खंडेनवमीची नळी

आबांची पत्रकं चाळत मी अक्षरं शिकले. आष्ट्याच्या आमच्या घरात सोप्यातल्या लाकडी फळीवर त्यांचे गठ्ठे असत. दुपारचं ऊन त्यावर सरकत जाई आणि शाईचा वास पेंगुळल्यासारखा घरभर फिरे. लष्करातून लंगडत परतलेले आबा, माझे वडील, शाईच्या हातरुळानं पत्रकं छापत : परक्यांच्या लढाईत आपला देश पडणार नाही. मला ते देवाच्या वचनासारखं वाटे.

गावची पोरं भरतीसाठी पळायला जात, तेव्हा आईनं दादाला अडवलं होतं. "ह्या घरातनं आता कुणी लढाईला जायचं न्हाई." म्हणून तो शिरवळला कारखान्यात लेथवर लागला. आधी पंपांचे भाग करायचा. मग परदेशी ऑर्डर आली, ओव्हरटाइम आला. कसली ऑर्डर, कुणी विचारलं नाही. आईच्या मनासारखं झालं होतं.

गेल्या खंडेनवमीला तो सुट्टीवर आला. ज्याचं त्याचं हत्यार पूजायचं, म्हणून आईनं लाल कापडावर विळा, खुरपं, आबांचा हातरूळ मांडला. दादानं पिशवीतून एक पोलादी नळी काढली, चकचकीत, तळाशी बंद.

"नापास माल हाय. पण माझ्या हातचा."

आईनं कौतुकानं हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला. समईच्या पिवळ्या उजेडात नळी झोपलेल्या माशासारखी दिसत होती. आबा वाकले. तळाजवळच्या खाचेवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हितं तांब्याचा पट्टा बसतो. तोफेचा गोळा हाय ह्यो."

"आबा, आमी नुस्ती नळी करतो. भरत्यात दुसरीकडं."

"रिकामी ठेवाय घेत्यात व्हय?" आई म्हणाली.

मला सांगलीचा पूर आठवला. मावशीकडे आम्ही सगळे उंबऱ्याकडे बघत बसलो होतो आणि पाणी मागच्या मोरीतून वर आलं होतं.

पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. संध्याकाळभर नळी तिथंच होती. आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. लांब कुठल्या तरी देशात, ज्याच्याशी आमचं भांडण नव्हतं, तिथल्या घरावर ती कशी पडेल, हे मला जागेपणी स्वप्नासारखं दिसत राहिलं. "सोड ती नोकरी," मी दादाला म्हणाले. तो म्हणाला, "पत्रकावर पोट भरतंय व्हय गं?"

दसऱ्याला सकाळी आईनं विळा उचलला, खुरपं उचललं. नळीला हात लावला नाही.

"ज्याचं त्यानं उचलायचं."

दादानं नळीवरचा झेंडू काढून ठेवला. मग नळी पिशवीत, डब्याच्या खाली घालून एसटीला गेला. कापडावर हळदीचा लांबट डाग उरला.

आबांनी आपला हातरूळ उचलून शाई घोटायला घेतली.

"काय छापायचं?" मी विचारलं.

"आपल्या घरात काय पुजलं, त्ये," ते म्हणाले. "तू लिही."