चवळीच्या शेंड्यावरची अळी

दुपारी गच्चीवरच्या चवळीचे शेंडे माव्याच्या बारीक किड्यांनी काळे झालेले दिसले, म्हणून मी फवारणीची बाटली उचलली.

"अहो, थांबा. ही अळी बघा," बायको म्हणाली. "सिरफिड माशीची आहे. मावा हीच संपवेल."

डोळे नाहीत, पाय नाहीत, अशी ती हिरवट अळी चाचपडत पुढे सरकली. तोंडाला लागलेला माव्याचा किडा तिने हवेत उचलला आणि नुसती साल उरेपर्यंत शोषून घेतला.

गांधीलमाशीसारखी पट्टेरी, पण नांगी नसलेली एक सिरफिड माशी अंडी घालायला आली होती. ती शेंड्यासमोर हवेत निश्चल थांबली होती.

मी बाटली खाली ठेवली. अळीने दुसरा किडा उचलला. त्याला खेटून बसलेले बाकीचे निवांत रस पीत राहिले. मला फार वेळ बघवेना.