सोफेवाल्याच्या घरचा सोफा

सोफेवाल्याचा उजवा हात निम्म्या शहराच्या सोफ्यांत कोपरापर्यंत जाऊन आलेला आहे. दुरुस्तीचा सोफा उघडला की तो आधी आत चाचपतो आणि सापडेल ते मालकाला परत करतो. कानातला डूल, बुद्धिबळातला उंट, एकदा तर एका वकिलाची अर्धी कवळी त्याने कागदात गुंडाळून पोचती केली होती. कापड शिवून बंद करायच्या आधी पुन्हा एकदा आत हात फिरवायचा, हा त्याच्या दुकानाचा नियम.

घरचा सोफा मात्र दिव्याखालचा अंधार. बायको सांगून थकली, मग तिने सांगायचं सोडलं आणि पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरात बसवू लागली.

पानगळ सरत आली आणि कपाटातून काढलेल्या स्वेटरांच्या डांबरगोळ्यांच्या वासाने घर भरलं, की दरवर्षी सुटीला त्याची थोरली बहीण आक्का आणि तिचे यजमान मुक्कामाला येतात. सुटी साजरी करायची या घराची रीत एकच. सगळ्यांनी त्या सोफ्यावर एका पांघरुणात पाय घालून बसायचं, शेंगा सोलायच्या आणि टीव्ही बघायचा. रिमोट वडील होते तोवर त्यांच्या हातात असे. ते गेल्यावर तो सोफेवाल्याकडे आला, आणि थोरली कोण हे कोणी विचारलं नाही. सोफेवाल्याला जंगलातले प्राणी आवडतात, आक्काला गाण्याच्या स्पर्धा. त्यामुळे तेव्हापासून आक्काने दर सुटीला हत्तीच पाहिले. मुकाट्याने नव्हे, बोलत बोलत.

गेल्या वर्षी हत्ती नदीत उतरत असताना सोफ्याची एक स्प्रिंग वर आली आणि आक्काला अशा ठिकाणी टोचली, की ती जागा तिने नंतर साऱ्या नात्यागोत्यात फक्त खुणेने सांगितली. लोकांचे सोफे शिवणाऱ्या भावाच्या घरी बहिणीला सुखाने टेकता येत नाही, हे वाक्य त्यानंतर वर्षभर फिरत होतं. यंदा येण्याआधी तिने फोनवर कळवलं, की ती स्वतःची उशी घेऊन येते आहे.

ही उशी सोफेवाल्याच्या जिव्हारी लागली. आक्काने ती उशी आपणहून बाजूला ठेवावी, एवढीच त्याची यंदाची इच्छा होती. त्याने दुकान बंद ठेवलं, सोफा सांगाड्यापर्यंत उघडा केला, नव्या स्प्रिंगा बसवल्या, त्यावर गोणपाट, त्यावर फोम आणि वर विटकरी कापड. शेवटच्या टाक्यांना आला तोच दारावर थाप पडली. आक्का ठरल्यापेक्षा लवकर पोचली होती. त्याने घाईघाईने शिवण आवळली आणि दोरा दातांनी तोडला.

आक्काने सोफ्याभोवती एक चक्कर मारली, कापड दोन बोटांनी चिमटून पाहिलं, आणि आपली उशी मधोमध ठेवून तीवर बसली. सोफेवाल्याचा चेहरा पडला.

मग रिमोट सापडेना. पांघरूण झटकलं, शेंगांची परात उपसली, दाजींना उठवून त्यांच्याखाली पाहिलं. शेवटी बायकोने टीव्हीवरचंच बटण दाबलं आणि हत्ती सुरू झाले. आक्का शेंगा घ्यायला पुढे वाकली. हत्ती गेले आणि गाणं लागलं.

दाजींनी उठून टीव्हीला मागून दोन थापट्या दिल्या. बायको म्हणाली, शेजारच्यांचा रिमोट आपल्याकडे चालत असेल. सोफेवाल्याचं मात्र चोराच्या मनात चांदणं. टीव्हीकडे न धरताही चालणारा तो रिमोट मुलीने हौसेने आणून दिला होता, आणि फोम बसवताना सोबतीला हत्ती हवेत म्हणून सोफेवाल्याने तो जवळच, अगदी जवळ ठेवला होता. नियमाप्रमाणे शेवटी हात फिरवायचा राहून गेला होता.

आता सांगावं, तर आक्काच्या देखत नवाकोरा सोफा उसवावा लागणार. न सांगावं, तर गाणी. त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

आक्का डावीकडे झुकली, आवाज वाढला. उजवीकडे झुकली, कमी झाला. खोकली तेव्हा बातम्या लागल्या. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग भावाकडे. भाऊ एक शेंग अतिशय लक्ष देऊन सोलत होता. आक्का पुन्हा बेताने खोकली, आणि बातम्या जाऊन गाणं आलं.

त्यानंतर ती जागची हलली, ती हिशेबानेच. जाहिरात आली की डावी मांडी किंचित उचलायची, परीक्षक बोलू लागले की मागे रेलायचं. दाजींना वाटलं हिला कुठे दुखतंय, त्यांनी मलम लावायचं का विचारलं. जेवायला हाक आली तेव्हा आक्काने ताट तिथेच मागवलं. मात्र एक अडचण होती. जाड उशीमुळे बारीकसारीक गोष्टी साधत नव्हत्या. स्पर्धेचा निकाल लागायच्या बेताला तिने अर्धवट उठून ती उशी ओढून काढली आणि दाजींच्या मांडीवर टाकली.

सोफेवाल्याने हे पाहिलं. यंदा ज्याची वाट पाहिली ते समोर घडलं होतं, आणि त्यात त्याच्या स्प्रिंगांचा काडीचाही वाटा नव्हता. त्याला राहवेना.

“आक्का, त्या सोफ्यात रिमोट राहिलाय,” तो म्हणाला. “ऊठ जरा. उसवून काढतो.”

“खबरदार टाक्याला हात लावलास तर,” आक्का म्हणाली. “जन्मात पहिल्यांदा एक सोफा धड शिवलास.”

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. दाजी तेवढ्यात म्हणाले, “मेव्हणे, आमच्याकडेही असाच एक करून द्या. फक्त हिची जागा मला द्या.” आक्का त्यांच्याकडे वळली आणि आवाज एकदम वाढला.

सुटी संपली, पाहुणे गेले. सोफेवाला आक्काच्या जागी बसून पाहू लागला. पुढे वाकला, मागे रेलला, डावी मांडी उचलली, खोकला. तो पडला सडसडीत. आक्काचं वजन आणि आक्काचा अधिकार, दोन्ही त्याच्याकडे नव्हते. सगळीकडे गाणीच होती.

शेवटी तो सुरी आणि दोरा घेऊन बसला. रिमोट बाहेर काढला, हातात धरून पाहिला, हत्ती लावले. पुढचा भाग बघता बघता त्याने उसवलेल्या जागी कापडाच्याच रंगाची एक बारीक चेन शिवली. मग रिमोट होता तसा, त्याच कोनात, पुन्हा आत ठेवला. चेन लावण्याआधी, नियमाप्रमाणे, आत एकदा हात फिरवला.

उशी आक्का विसरून गेली होती. ती सांगायला त्याने फोन केला. आक्का म्हणाली, राहू दे तिथेच, दाजींना लागते. आणि पुढच्या वर्षी आम्ही यायच्या आधी सेल तेवढे नवे घाल.