उघड्या कुलपाचा फोन

तुमच्या हातातला फोन तुमचा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ज्याने दिला त्यानेच ना? मग इश्राक महयूबची ही हकिगत शेवटपर्यंत वाचा.

इश्राकचं दुकान येमेनच्या तइझमध्ये, आमच्या मोहल्ल्याच्या चढावर, पिठाच्या गिरणीला लागून. आधी तिथे शिंपी बसायचा. इश्राकने त्याचा आरसा विकला आणि पडदा ठेवला. पडद्याआड फक्त बायका. फोन पुरुषाच्या दुकानात टाकायचा, त्यातले फोटो बाहेर काढून कोणी धमक्या देत बसायचं, हे आमच्या गावात इतक्या जणींच्या वाट्याला आलंय, की बायका तुटक्या काचेचा फोन वर्ष-वर्ष वापरत होत्या. इश्राक आली तेव्हा कुठे ते थांबलं.

तिचा नियम एकच. फोनची मालकीण शेजारच्या स्टुलावर बसणार, फोन तिच्या नजरेआड जाणार नाही, आणि शेवटचं बटण तिच्याच बोटाने दाबलं जाणार.

"आणि बिघडलं तर?" मी एकदा विचारलं.

"तर दोघींनी मिळून बिघडवलं."

बाप महयूब रेडिओ दुरुस्त करायचा. पोरगी कॉलेजात भूगोल शिकत होती. लढाईत रस्ता बंद झाला, दहा मिनिटांचं कॉलेज डोंगराला वळसा घालून पाच तासांवर गेलं, आणि ती बापाच्या स्टुलावर येऊन बसली. बोलायला कंजूष. दूध आणि वेलची घातलेल्या चहाचे पेले मात्र मोजू नयेत. बायकांना फोनची काळजी शिकवायला मी सभा घेते, त्या सभेला मी तिला दहा वेळा बोलावलं असेल. एकदाच आली, मागे बसली, मध्येच उठून गेली. विचारलं तर म्हणते, "तू बोलतेस ना, मग मी कशाला?" मी तेव्हा चिडले होते. आता सांगते, का उठली असेल ते.

त्याआधी तिच्या हातून मेलेल्या फोनबद्दल. आमच्याकडचे निम्मे फोन मुळात चीनच्या बाजारासाठी बनलेले. व्यापारी त्यांचं आतलं कुलूप उघडतात, अरबी बोलणारं सॉफ्टवेअर भरतात, आणि खोक्यावर नवा प्लास्टिकचा कागद चढवून विकतात. कुलूप उघडं असेपर्यंत फोन छान चालतो, सुरू होताना उघड्या कुलपाचं चित्र तेवढं दिसतं. कुलूप लावलं, की फोन बघतो आत आपलं सॉफ्टवेअर नाही, आणि कायमचा डोळे मिटतो. हे सुरुवातीला इश्राकला माहीत नव्हतं. एका नव्या नवरीचा फोन तिने चोख करून दिला, वर हौसेने कुलूपही लावलं. फोन गेला. इश्राकने आपला स्वतःचा फोन त्या पोरीच्या हातात ठेवला. फोन दुरुस्त करणारीला सात महिने फोन नव्हता. आम्ही हसायचो. ती हसत नसे.

आता अजहार. हे नाव खरं नाही, तिच्या लेकीचं रफीफही खरं नाही. इश्राकचं खरं आहे, ते तिनेच घालायला सांगितलं. अजहारला नवऱ्याने सोडलं, तेव्हा मोहल्ल्याचे तंटे मिटवणाऱ्या आकिलसमोर कागद झाला. सात वर्षांची रफीफ आईकडे राहील, शुक्रवारी तीन तास बापाकडे. बापाने, म्हणजे नशवानने, एक फोन दिला. तो मुलीबरोबर राहील, सुरू राहील, बाप कधीही हाक मारील. फोन मोडला, हरवला, बंद ठेवला, तर मुलगी बापाकडे. चार साक्षीदारांच्या सह्या. कोणालाही वाटावं, केवढी माया!

महिन्याभरात नशवानला सगळं कळायला लागलं. भाऊ काय म्हणाला, शेजारीण कोणत्या वकिलाचं नाव सांगून गेली, सगळं. अजहार माझ्याकडे आली. मी तोऱ्यात म्हणाले, "सोपं आहे. फोन रिसेट कर. सगळं पुसतं." हेच मी वर्षभर सभांमधून शिकवत होते. तिने रिसेट केला. दुसऱ्या दिवशी नशवानचा फोन आला, "काय गं, घर झाडून काढलंस? कोपरा राहिला की!"

ते ऐकून माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी तिला घेऊन इश्राककडे गेले. फोन अर्थात सुरूच होता. अजहारने काउंटरवर 'हा ऐकतोय' अशी चिठ्ठी ठेवली. इश्राकने वाचली, फोन उचलून रेडिओजवळ ठेवला, आवाज वाढवला, आणि मोठ्याने अजहारला म्हणाली, "चार्जिंगची खाच ढिली झालीय, उम्म रफीफ. बैस, वेळ लागेल." मग औषधाच्या खोक्यामागे लिहिलं: 'रिसेट कोणी सांगितला?'

मी माझ्याकडे बोट केलं.

तिने लिहिलं: 'चोरून ऐकणारा कान सॉफ्टवेअरच्या आत शिवलाय. रिसेट केला की फोन त्याच सॉफ्टवेअरकडे परत जातो. कानासकट.'

म्हणून ती सभेतून उठून गेली होती. सगळ्यांसमोर माझं चुकतंय म्हणायला नको म्हणून. मी लिहिलं: 'मग तेव्हाच सांगायचंस!' तिने नुसतं बघितलं. माझा आवाज कसा असतो ते मला माहीत आहे.

उपाय एकच होता. फोन कारखान्यातून निघाला तेव्हाचं मूळ सॉफ्टवेअर पुन्हा मारायचं, आणि वर कुलूप लावायचं. कुलूप एकदा लागलं की उघडायला कंपनीकडे अर्ज करून सात दिवस थांबावं लागतं. म्हणजे शुक्रवारच्या तीन तासांत नशवानला पुन्हा काही शिवता येणार नाही. पण फोनचं मूळ चुकीचं धरलं तर कुलूप लागताच फोन मरेल. फोन मेला की मुलगी गेली. आणि शुक्रवार उद्याच होता.

इश्राकने फोनची पाठ भिंगाखाली धरली. बारीक अक्षरांतला मॉडेल नंबर चीनचा होता. पण पाठी बदलतातही लोक. तिने कडेचा गोंद बघितला, नखाने चाचपला, पुन्हा बघितला. मग लॅपटॉपवर चीनचं सॉफ्टवेअर उतरवायला लावलं.

तीन गिगाबाइट! आमच्या मोहल्ल्याच्या नेटवर, कार्ड खरवडून आकडे टाकायचे, त्या नेटवर! अकरा वाजता पहिलं कार्ड संपलं. इश्राकने ड्रॉवर उघडला, दुसरं टाकलं, तेही संपलं. गिरणीवाल्याकडची कार्डं खलास. तेव्हा पडद्याआड आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्या बायकांना काय वाटलं कोण जाणे. एकीने पाकिटातून अर्धं वापरलेलं कार्ड काढून पुढे केलं. मग दुसरीने. शम्सिया खालाने तर छातीशी जपलेलं कोरं कार्ड काढलं आणि कागदावर वाकडंतिकडं लिहिलं: 'नातवाशी उद्या बोलेन.' कोणी काही विचारलं नाही. रेडिओ ओरडत होता.

अडीच वाजता फाइल पूर्ण उतरली. त्या वेळी गावातले पुरुष गालात 'कात' नावाचा नशेचा पाला दाबून बैठकीला टेकलेले असतात, मगरिबच्या नमाजापर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, उठत नाहीत. इश्राकने खूण केली. अजहार फोनजवळ तोंड नेऊन ओरडली, "अगं बाई, दोनच टक्के राहिले! गेला बघ, गेला!" आणि फोन बंद केला. नाटकात घ्यावं अशी ओरडली.

आता तोंडं उघडली. मी म्हणाले, "थांब. हा पुरावा आहे. असाच आकिलसमोर आपटू या."

"आकिल काय करील?" इश्राक केबल जोडत म्हणाली. "मोठ्या बाजारात तपासायला पाठवील. कोणाकडे? कान शिवणाऱ्याकडेच. तो म्हणेल, फोन ठणठणीत. आणि तोवर मुलगी कुठे?"

"मग काय, त्याला मोकळा सोडायचा?"

"तुला भांडायचंय, की हिला मुलगी ठेवायची आहे? एक काय ते ठरव."

मी केबलचं दुसरं टोक तिच्या हाती दिलं. सहसा मी कोणाचं ऐकत नाही.

फ्लॅश, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर पुन्हा मारणं, सुरू झालं. केबल जुनी, टोकाला पट्टी गुंडाळलेली, दाराजवळच्या टेबलावरच्या लॅपटॉपपासून काउंटरपर्यंत ताणलेली. इश्राकने तिच्यावर तळहात ठेवला आणि हलली नाही. लॅपटॉपवर हिरवी रेघ सरकत होती. वीस. पंचवीस. चाळीसला पायऱ्यांवर पावलं वाजली.

"अजहार!"

नशवान. बैठकीतून उठून आला होता, गालात पाला तसाच. फोनने शेवटची जागा सांगितली असणार.

"फोन बंद का?"

अजहार पांढरी पडली. इश्राकने हनुवटीने खूण केली, बोल.

"चार्ज... चार्ज संपला. इथे लावलाय."

"बाहेर आण."

"लागलाय चार्जला," इश्राक म्हणाली. आवाजात काही नाही. "खाच ढिली आहे. आता काढला तर पुन्हा धरणार नाही."

"तुला नाही विचारलं. अजहार, आण बाहेर. का मी येऊ?"

पडद्याच्या कडेवर त्याची बोटं दिसली. मी ताडकन उठले. इश्राकचा दुसरा हात माझ्या मनगटावर आला. मी दाराकडे निघाले असते तर केबल माझ्याच पायात आली असती, हे मला नंतर कळलं. तेवढ्यात शम्सिया खालाने डोक्यावरचा रुमाल काढून मांडीवर टाकला.

"ये ना, ये!" ती खणखणीत ओरडली. "सत्तर वर्षांची मी, डोकं उघडं टाकून बसलेय. ये आत, बघ काय बघायचं ते! मग उद्या मशिदीत सगळ्यांना सांग, महिलांच्या पडद्याआड शिरलो म्हणून. तुझ्या आईला मी ओळखते रे. लग्नात तिच्या हातांना मेंदी मी लावली होती. तिला बोलावू का?"

बोटं मागे गेली.

"खाला, मला फक्त फोन..."

"आधी तोंडातला पाला थुंक, मग खाला म्हण!"

बायका फसकन हसल्या. मला हसू येईना. रेघ एकाहत्तरवर थांबली होती. बाहेर नशवान म्हणत होता, "मी इथेच उभा आहे. वाजवून बघणार. वाजला नाही तर सरळ आकिलकडे." रेघ हलत नव्हती. इश्राकच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला, तिने पुसला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बहात्तर. मग एकदम नव्वद.

झालं. राहिलं कुलूप.

इश्राक हळू आवाजात म्हणाली, "उम्म रफीफ, ऐक. कुलूप न लावता दिला तर आत्ता वाजेल. उद्या तो पुन्हा कान शिवील. लावला आणि मी मूळ चुकले असेन तर इथेच मरेल. तो दारात उभा आहे."

"तू काय केलं असतंस?"

"माझी मुलगी नाही. मी सांगणार नाही. गोंद कारखान्याचा आहे, पाठ बदललेली नाही, एवढं मी सांगते."

अजहारने माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला सल्ला दिला नाही. तिने बोट पुढे केलं आणि बटण दाबलं.

फोन काळा झाला. काळाच राहिला. इश्राकने डोळे मिटून घेतले. तो नवरीचा फोन ती बघत असावी. मग कंपनीचं चिन्ह उमटलं. खाली उघड्या कुलपाचं चित्र नव्हतं. पुढची सात-आठ मिनिटं नुसतं चिन्ह, बाहेर नशवानच्या चपलेची फरफर. आणि मग फोनवर चिनी अक्षरं.

"हे काय गं?" अजहार पुटपुटली.

"हा जन्मला तसा. याला अरबी येत नाही. इंग्रजी येतं थोडं. सवय कर."

सिमकार्ड घातलं. मिनिटभरात वाजला. अजहारने फोन कानाला लावला आणि पडद्याबाहेर गेली. नशवानने तो तिच्या हातातून हिसकून बघितला.

"हे चिनी काय? कोणी हात लावला याला?"

आतून इश्राकचा आवाज गेला, "फोन तुम्हीच विकत घेतलात ना, भाऊ? हा मुळात असाच बनलेला आहे. याला अरबी कोणी शिकवली, आणि अरबीबरोबर आणखी काय शिकवलं, ते तुम्हालाच ठाऊक. आकिलसमोर सांगा की. आम्हीही ऐकायला येऊ."

  कान बंद पडल्याची तक्रार करायची तर आधी कान लावल्याचं कबूल करावं लागतं. फोन अजहारच्या हातात कोंबून तो उतार उतरून गेला.

शुक्रवारी रफीफ फोन घेऊन गेली, आणि फोन घेऊन परत आली. नंतरच्या शुक्रवारीही. आकिलकडे कोणी गेलं नाही. याला आता दोन वर्षं झाली. रफीफ आईकडेच आहे. चिनी चित्रं तिला आईपेक्षा जास्त कळतात, आणि त्याचा तिला गर्व आहे. इश्राक अजून सभेला येत नाही. आता मीच तिच्याकडे जाऊन बसते, आणि शिकते.

आता तुमचं काम. आज घरी गेलात की फोन बंद करून पुन्हा सुरू करा, आणि पहिल्या काळ्या पडद्यावर उघड्या कुलपाचं चित्र दिसतं का बघा. दिसलं तरी घाबरू नका, निम्म्या गावाच्या फोनवर दिसेल. पण तुमचं बोलणं कोणाला तरी कळतंय अशी शंका असेल, तर त्या फोनजवळ एक शब्दही न बोलता इश्राकच्या पडद्याआड जा. आणि माझ्या सभेत ऐकून 'रिसेट केला की सगळं पुसतं' हे ज्या ज्या बाईला तुम्ही सांगितलंत, तिच्याकडे स्वतः चालत जा आणि माझं नाव घेऊन सांगा, ती चुकीचं शिकवत होती.